कळणाकोंडा आणि पाकशास्त्र

मराठी माणसाच्या घरात हल्ली आरोग्याचे बोलणे निघाले की ते चुलीपाशी येऊन थांबते. मधुमेह, रक्तदाब आणि रक्तक्षय ह्या आजारांनी आता शहर आणि खेडे असा भेद ठेवलेला नाही. डॉक्टर सांगतात, तेल कमी करा, भाकरी खा, पालेभाजी खा, बाहेरचे पदार्थ टाळा. मग घरातली शिकलेली सून नाही तर लेक पुस्तकाच्या दुकानात जाऊन विचारते, घरच्या घरी साधा, सकस स्वयंपाक शिकवणारे चांगले पुस्तक कोणते? प्रश्न अगदी सरळ आहे. परंतु मराठवाड्यातल्या एखाद्या गावी, समजा बदनापुरात, पूर्वीच्या महारवाड्यात किंवा मांगवाड्यात वाढलेल्या मुलीने तो विचारला, तर त्याला इतिहासाचे ओझे येऊन चिकटते. तिच्या हाती जे पुस्तक पडते त्यात तिच्या आजीची चूल नसते. आजीला जे रांधता येत होते ते ज्ञान होते की नुसती लाचारी होती, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो. त्याचे उत्तर दुकानदार देऊ शकत नाही. ते लिहू-वाचू लागलेल्या आपल्या पिढ्यांनीच दिले पाहिजे.

बदनापूरचे नाव घेण्याला कारण आहे. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि जालना ह्यांच्या मध्ये, निजामी राजवटीत टाकलेल्या मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचे हे गाव. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला आणि बदनापूर त्या जिल्ह्यात गेले. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे गाव ठाऊक आहे ते तुरीमुळे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र इथे आहे आणि 'बीडीएन' ह्या अक्षरांनी ओळखले जाणारे तुरीचे वाण इथून बाहेर पडले. बीडीएन म्हणजे बदनापूर. पांढऱ्या दाण्याचा बीडीएन ७११ आणि तांबड्या दाण्याचा बीडीएन ७१६ हे वाण दूरदूरच्या शिवारांत पेरले गेले.

तूर पिकली की तिची डाळ होते. डाळ भरडताना कणी, चुरा आणि साल मागे राहते, त्याला आपल्याकडे कळणा म्हणतात. डाळ बाजारात गेली, आडतीवर गेली, सुखवस्तू घरातल्या वरणाच्या पातेल्यात गेली. कळणा कोठे गेला? ज्या बाईने शेत खुरपले, जाते ओढले, कापणीनंतर सरवा वेचला, तिच्या काटवटीत तो गेला. ज्वारीच्या पिठात कळणा मिसळून तिने भाकरी थापली आणि लेकरे जगवली. मराठी भाषेने 'कळणाकोंडा' हा शब्द दारिद्र्याचा पर्याय म्हणून स्वीकारला. मात्र त्या भाकरीमागचा हिशेब, म्हणजे किती पिठाला किती कळणा, कोणत्या पाण्यात मळायचे, कोणत्या कोरड्यासाबरोबर खायचे, हा पाकशास्त्राचा विषय आहे असे कोणाला वाटले नाही.

वास्तविक पाककृती लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. फक्त ती राजवाड्यात सुरू झाली. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावरचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सुमारे ११२९ सालचा आहे. राजाने कोणते भोग घ्यावेत हे सांगताना त्यात अन्नाचेही प्रकरण येते. जनावराची आतडी भरून भाजण्याची रीत त्यात आहे, रक्त घालून शिजवण्याची आहे, शेतातला उंदीर भाजण्याचीही आहे. राजाच्या पानात आलेले हे पदार्थ 'भोग' ठरले. तीच वजडी, तीच रक्ती गावकुसाबाहेरच्या पानात आली तेव्हा ती खाणाऱ्याच्या हीनत्वाचा पुरावा ठरली. पदार्थाची प्रतिष्ठा त्याच्या गुणावरून न ठरता खाणाऱ्याच्या जन्मावरून ठरत गेली, हे समजायला ह्याहून स्पष्ट उदाहरण नको. पुढे तंजावरच्या मराठी राजवाड्यात दुसऱ्या सरफोजीच्या काळात 'शरभेंद्र पाकशास्त्र' मराठीत लिहिले गेले. तेही मुदपाकखान्याचेच शास्त्र होते.

छापखाना आला आणि पाकशास्त्र राजवाड्यातून मध्यमवर्गाच्या माजघरात उतरले. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' निघाले. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणीमित्र' लिहून एक हजार पाकक्रिया दिल्या. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले आणि ते घरोघर पोहोचले. ह्या बायकांच्या कर्तृत्वाला उणे लेखण्याचे कारण नाही. 'रुचिरा'ने शेर-तोळ्यांचा घोळ मोडून वाटी-चमच्याचे माप रूढ केले, आणि सासू-आईपासून दूर नोकरीच्या गावी गेलेल्या मुलीला हाताला धरून स्वयंपाक शिकवला. स्वयंपाक हे सांगता येण्याजोगे, मोजता येण्याजोगे ज्ञान आहे ही गोष्ट ह्या पुस्तकाने सिद्ध केली. दलित लेखकानेही ती शिकावी अशी आहे.

परंतु प्रत्येक पाकपुस्तक न सांगता काही गृहीत धरते. फडताळात तूप आहे, साखर आहे, खोबरे आहे. दारात पाणी आहे. चुलीला सरपण आहे. बाईला दुपारचा वेळ आहे. ज्या घरात तेल आठवड्याच्या बाजारी छटाकभर येत होते, दूध चहापुरतेही नव्हते आणि पाण्यासाठी दुसऱ्याने घागर भरून द्यावी म्हणून विहिरीपासून दूर ताटकळावे लागत होते, त्या घराचा स्वयंपाक ह्या गृहीतात बसत नाही. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ साली भारतीय पाकपुस्तकांवर जो निबंध लिहिला त्यात 'राष्ट्रीय' स्वयंपाकाची कल्पना शहरी मध्यमवर्गाने पाकपुस्तकांतून कशी घडवली हे दाखवले आहे. 'मराठी जेवण' ह्या कल्पनेचेही तसेच झाले. काही थोड्या जातींच्या पानात जे होते ते सर्व मराठी माणसांचे म्हणून छापले गेले, आणि उरलेले 'गावरान' म्हणून मागे ढकलले गेले.

ह्यामागे धर्मशास्त्राचा आधार होता. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन वर्ग केले आहेत. शिळे आणि उष्टे अन्न तामस माणसाला प्रिय असते असे तेथे सांगितले आहे. आणि मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवक शूद्राला उष्टे अन्न द्यावे अशी आज्ञा आहे. ही दोन विधाने शेजारी ठेवून पाहावीत. आधी उष्टे खाण्याची सक्ती करायची, मग उष्टे खातो म्हणून त्याचा स्वभाव तामस ठरवायचा, अशी ही व्यवस्था. येसकराने घरोघर फिरून शिळे तुकडे मागावेत ह्याला गावाने 'हक्क' म्हटले. भुकेला हक्काचे नाव देण्याची चलाखी दुसरीकडे क्वचितच सापडेल.

मग आपल्या चुलीची नोंद कोठे शोधावी? पाकपुस्तकांच्या कपाटात ती मिळाली नाही, तरी आत्मकथनांच्या कपाटात ती आहे. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६), ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) ह्या पुस्तकांकडे आपण वेदनेचा दस्तऐवज म्हणून पाहिले, ते योग्यच होते. परंतु ती अन्नाच्या इतिहासाचीही साधने आहेत. काय शिजले, कशात शिजले, कोणाला किती वाढले, कोण उपाशी निजले, हे तेथे सापडते. बाळंतिणीच्या पोटात काय गेले आणि काय गेले नाही, हे बेबीताईंनी लिहिले नसते तर कोणत्या गृहिणीशास्त्राने लिहिले असते?

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'अक्करमाशी'त शेणातून निघालेले ज्वारीचे दाणे धुऊन, दळून केलेल्या भाकरीचा उल्लेख आहे. ती पाककृती नाही. तो समाजावरचा आरोप आहे. दलितांचे सगळे खाणे 'आमचा वारसा' म्हणून मिरवणे म्हणजे ह्या आरोपाला लोणचे-पापडाच्या रांगेत नेऊन बसवणे होय. बाबासाहेबांनी १९ आणि २० मार्च १९२७ च्या महाड परिषदेत मृत जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे टाकून द्या असे सांगितले ते ह्याचसाठी. तो नकार एका गुलामीच्या कराराला दिलेला होता. मेलेले ढोर ओढून न्यायचे काम आणि त्याचे मांस हा त्या कामाचा मोबदला, अशी ती साखळी होती. समाजाने ती तोडली. अनेक घरांतल्या बायकांनी चुलीवरची मडकी फोडून नवा संसार मांडावा तशा निश्चयाने स्वतःचे खाणे बदलले. १९४८ साली 'द अनटचेबल्स' ह्या ग्रंथात बाबासाहेबांनी गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता ह्यांच्या संबंधाची ऐतिहासिक चिकित्सा केली. म्हणजे खाण्याचा प्रश्न इतिहासाचा प्रश्न म्हणून त्यांनीच प्रथम आपल्यापुढे ठेवला.

पण नकाराच्या ओघात आणखी एक गोष्ट घडली. लाज ही लाचारीची वाटायला हवी होती, ती कौशल्याचीही वाटू लागली. नोकरी लागलेल्या मुलाने शहरात घर केले आणि आईची चव दाराबाहेर ठेवली. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, दोरीवर उन्हात वाळवून चान्या करणे आणि त्या पावसाळ्यासाठी साठवणे, हे बर्फाच्या पेटीशिवाय अन्न टिकवण्याचे तंत्र होते. उकळत्या पाण्यात बुडवून वजडी खरवडून स्वच्छ करणे हे हाताचे कसब होते. माळावरच्या शंभर पाल्यांतून घोळ, पाथरी, तांदुळजा, कुर्डू, तरवटा ओळखून ओटीत भरणे हे वनस्पतींचे ज्ञान होते. ते पुस्तकात नसल्यामुळे अडाणीपणात जमा झाले.

हे ज्ञान कागदावर उतरवण्याचे दोन महत्त्वाचे प्रयत्न ह्या शतकात झाले. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्नाच्या इतिहासावर आणि आठवणींवर एक पुस्तिका इंग्रजीतून सिद्ध केली. हे ताट भारतीय नाही काय, असा तिच्या शीर्षकातला सवाल होता. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक मराठीत आले. जेवणाआधी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकातल्या 'पूर्ण' शब्दाला त्यांनी एक अक्षर जोडले आणि सगळा अर्थ उलटा केला. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या पाककृती, त्या कशातून आल्या ह्याचा इतिहास आणि धर्मग्रंथांतल्या आहारविचाराची उलटतपासणी, अशी त्याची मांडणी आहे. २०२४ साली भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. बदनापूरच्या मुलीला तिच्याच मुलखाच्या चुलीचे पुस्तक हवे असेल तर आज हे पहिले नाव सांगावे लागेल. आणि त्यात तेल-तूप कमी का, ह्याचे उत्तरही तिला मिळेल: ते मिळतच नव्हते म्हणून.

आता आरोग्याकडे वळू. 'कमी तेल, भरड धान्य, पालेभाजी, कडधान्य' ही आजची पथ्ये ऐकताना आपल्या म्हाताऱ्या बायकांना हसू येत असेल. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. ज्या ज्वारी-बाजरीला गरिबाचे धान्य म्हणून हिणवले गेले ती मोठ्या दुकानांत सुंदर पुड्यांमध्ये बसली. शास्त्राने हे फार पूर्वी नोंदवले होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या जुन्या कोष्टकांत १०० ग्रॅम सडीक तांदळात ६.८ ग्रॅम प्रथिने दिली आहेत, ज्वारीत १०.४ आणि बाजरीत ११.६. लोह पाहिले तर तांदळात ०.७ मिलिग्रॅम, ज्वारीत ४.१ आणि बाजरीत ८. तुरीच्या डाळीत २२.३ ग्रॅम प्रथिने आहेत. धान्याच्या प्रथिनांत जे घटक कमी पडतात ते डाळीत असतात आणि डाळीतली उणीव धान्य भरून काढते. ज्वारीत कळणा मिसळणाऱ्या बाईने कोष्टक वाचलेले नव्हते, तरी तिच्या भाकरीत हा मेळ बसलेला होता.

तरी भाबडेपणा नको. ते ताट सकस होते असे सरसकट म्हणणे खोटे ठरेल. त्यात दूध नव्हते, फळ नव्हते, उन्हाळ्यात हिरवा पाला नव्हता. तिखट आणि मीठ जास्त होते, कारण कोरडी भाकरी घशाखाली उतरवायची होती. मुख्य म्हणजे ते पोटभर नव्हते, आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला तर मुळीच नव्हते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने लाल मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाल्ली. त्या पिढीला पोषणाचे गोडवे ऐकवणे क्रूरपणाचे होईल. पुढे रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ आले, शिवारात सोयाबीन आले, आणि ज्वारी विकत घ्यायची वस्तू झाली. आज भाकरी हा मजुराला गव्हाच्या पोळीहून महाग पडू शकणारा पदार्थ आहे, ही ह्या इतिहासाची थट्टा आहे.

काय सकस आहे हे ठरवण्यात सत्तेचाही हात असतो. महाराष्ट्रात प्राणी संरक्षण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळू ह्यांच्या कत्तलीवरही बंदी आली. गरिबाच्या परवडीतले एक प्रथिन त्यामुळे पानातून गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय शासनाने घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी निधी देणे थांबवले. कोणाच्या लेकराला ते अंडे घरी मिळत होते आणि कोणाला फक्त शाळेतच मिळणार होते, हे वेगळे सांगायला नको. पोषणाचा तक्ता वाचताना म्हणूनच तो लिहिणाऱ्याचा हातही पाहावा लागतो.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर काय द्यावे? माप आणि क्रम शिकण्यासाठी तिने 'रुचिरा' जरूर घ्यावे. ज्ञानाला सोवळे नसते. इतिहासासाठी आत्मकथने वाचावीत. आपल्या मुलखाच्या पदार्थांसाठी पाटोळे वाचावेत. पदार्थातले गुण तपासण्यासाठी पोषण संस्थेची कोष्टके पाहावीत, जी २०१७ साली नव्याने तयार झाली आहेत. आणि कोणतेही पाकपुस्तक हाती आले की त्याला काही प्रश्न विचारावेत. हा स्वयंपाक कोणाच्या घरचा आहे? ह्याला तेल, वेळ आणि पैसा किती लागतो? ह्यातले जिन्नस बदनापूरच्या बाजारात मिळतात का? जेवणारे किती धरले आहेत, आणि रांधणारी त्यात धरली आहे का? ह्या प्रश्नांना जे पुस्तक उत्तर देईल ते आपल्या कामाचे.

पाचवे साधन मात्र अजून तयार व्हायचे आहे. ते आपल्या वस्तीत, सत्तरी-ऐंशीच्या बायकांच्या तोंडी आहे. अंबाडीचा पाला उकडून आंबट पाणी पिळून काढायचे, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ त्यात शिजवून घोटायची आणि वर चमचाभर तेलात लसणाची फोडणी द्यायची. धान्य, डाळ आणि मसाले कोरडे भाजून दळलेले येसर पाण्यात कालवून उकळी आणली की आमटी होते. हुलग्याचे माडगे आजाऱ्याला केव्हा द्यायचे: हे सगळे त्या सांगतात, पण मापाशिवाय सांगतात. मूठ, चिमूट, ओंजळ ही त्यांची मापे. ती वाटीत मोजून घेण्याचे काम शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या नातवंडांचे आहे. प्रत्येक कृतीपाशी सांगणाऱ्या बाईचे नाव तिच्या संमतीने लिहावे, आणि ती कृती भुकेने शिकवली की हौसेने, हेही तिच्याच शब्दांत लिहावे. भुकेने शिकवलेली इतिहासात जाईल. हौसेने आणि शहाणपणाने रचलेली उद्याच्या चुलीवर जाईल. ही निवड करण्याचा अधिकार त्या बायकांचा आणि त्यांच्या लेकी-सुनांचा आहे; तो बाजाराला किंवा शास्त्र्यांना देऊ नये.

वह्या स्वस्त आहेत. बायका मात्र थकत चालल्या आहेत. हे काम ह्याच हंगामात, तुरी घरात येतील तेव्हा, सुरू झाले पाहिजे.